आंतरविद्याशाखीय विज्ञान पदवी: प्रवेशापूर्वी करायचा पैशांचा हिशेब

पुण्यातील आयसरचा, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेचा, पाच वर्षांचा बीएस-एमएस, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत २०११ पासून चालू असलेला चार वर्षांचा संशोधनाभिमुख पदवी अभ्यासक्रम, मुंबईच्या कालिना संकुलातील मूलभूत विज्ञान उत्कृष्टता केंद्राचा एकात्मिक एमएस्सी, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मेलबर्न विद्यापीठाच्या सहकार्याने सुरू झालेली बीएस्सी ब्लेंडेड आणि अनेक खासगी विद्यापीठांनी काढलेल्या चार वर्षांच्या विज्ञान पदव्या, या सर्वांची मूळ कल्पना जवळपास एकच आहे. विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी ‘मी रसायनशास्त्राचा’ असे ठरवू नये, सुरुवातीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित एकत्र शिकावे आणि मग आपला विषय निवडावा. कल्पना एक असली तरी शुल्कात मात्र प्रचंड तफावत आहे. अनुदानित महाविद्यालयात वर्षाला काही हजारांत होणारे शिक्षण खासगी विद्यापीठात वर्षाला काही लाखांत पडते, आणि दोन्हीकडे माहितीपत्रकावर ‘आंतरविद्याशाखीय’ हाच शब्द छापलेला असतो.

या पदवीचा हिशेब अभियांत्रिकीच्या पदवीसारखा करता येत नाही, कारण अभियांत्रिकीत पदवी आणि पहिली नोकरी यांचे नाते बऱ्यापैकी थेट असते. विज्ञानाच्या पदवीनंतर बहुतेक जण आणखी काहीतरी शिकतात आणि पगार त्या पुढच्या टप्प्यावर ठरतो. म्हणून पदवी सुटी तोलण्याऐवजी पदवी आणि त्यापुढची वाट मिळून एकच खर्च धरावा. खालच्या सर्व पायऱ्या याच गृहीतावर उभ्या आहेत.

पहिली पायरी: तुलना कशाशी, ते लिहून काढा

‘ही पदवी फायद्याची आहे का’ या प्रश्नाला एकटे उत्तर नसते. ती घेतली नाही तर आपला मुलगा किंवा मुलगी खरोखर काय करणार आहे, हे आधी वहीत लिहावे. हा पर्याय प्रामाणिक असावा. जिला अभियांत्रिकीला जायचेच नाही, तिच्या पदवीची तुलना संगणक अभियंत्याच्या पगाराशी करून काही हाती लागत नाही. बहुसंख्य घरांत खरा पर्याय गावातल्या किंवा जवळच्या शहरातल्या अनुदानित महाविद्यालयातील एका विषयाची बीएस्सी हाच असतो, आणि तो स्वस्त आहे एवढ्यावरून त्याला कमी लेखू नये. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून तिथेही प्रमुख विषयाबरोबर गौण विषय आणि इतर शाखांतील अभ्यासक्रम घ्यावे लागतात. आंतरविद्याशाखीयतेचा काही अंश त्यामुळे साध्या बीएस्सीतही आला आहे. खासगी विद्यापीठाला मोजलेल्या जादा रकमेतून नेमके काय जादा मिळणार आहे, हा प्रश्न म्हणून अधिक टोकदार झाला आहे.

दुसरी पायरी: पूर्ण खर्च मांडा

शिक्षण शुल्क हा खर्चाचा एक भाग झाला. त्यात वसतिगृह, मेस, अनामत, प्रयोगशाळा आणि परीक्षा शुल्क, लॅपटॉप, सुटीतील प्रवास आणि उन्हाळी प्रकल्पासाठी दुसऱ्या शहरात काढलेले दोन महिने मिळवावे लागतात. वसतिगृहाचा खर्च दोन्ही पर्यायांत होणार असेल तर तो फरकात धरू नये. घरी राहून शिकणे शक्य असेल तर मात्र तो पूर्ण धरावा. शुल्क दरवर्षी किती टक्क्यांनी वाढते, हे प्रवेशपत्रातील बारीक अक्षरांत दिलेले असते आणि ते वाचायचेच असते. लग्नाचा खर्च आपण पैपैचा लिहून ठेवतो, पण चार वर्षांच्या शिक्षणाचा आकडा ‘साधारण पंधरा-सोळा लाख’ असा तोंडी सांगतो. या ‘साधारण’मध्येच लाख-दोन लाख लपलेले असतात.

शिष्यवृत्त्यांच्या बाबतीत पदवीचे नाव महत्त्वाचे ठरते. केंद्र सरकारच्या इन्स्पायर योजनेतील उच्च शिक्षण शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० रुपयांची असून त्यातील ६०,००० रुपये रोख आणि २०,००० रुपये उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात. पण ती मूलभूत आणि नैसर्गिक विज्ञानांच्या ठरावीक यादीतील विषयांसाठी आहे आणि त्या यादीत जैवतंत्रज्ञान किंवा संगणकशास्त्र नाही. कालिना येथील केंद्रात आणि भुवनेश्वरच्या नायसर या राष्ट्रीय विज्ञान संस्थेत अणुऊर्जा विभागाच्या दिशा योजनेतून वर्षाला ६०,००० रुपये आणि उन्हाळी प्रकल्पासाठी २०,००० रुपये दिले जातात. पाच वर्षे ६०,००० रुपये मिळाले तर ते ३ लाख रुपये होतात, आणि सरकारी संस्थेतील कमी शुल्काच्या मानाने ही रक्कम मोठी आहे. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये मुलींसाठी जाहीर केलेली शंभर टक्के शुल्कमाफी मात्र व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे आणि तिच्यातून खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळलेली आहेत. खासगी विद्यापीठातील विज्ञान पदवीचा हिशेब करताना ती माफी गृहीत धरू नये.

तिसरी पायरी: कर्ज घ्यायचे असेल तर हप्ता आजच काढा

हा भाग बहुतेक पालक बँकेवर सोपवतात आणि पहिला हप्ता आल्यावर दचकतात. समजा, वर्षाला अडीच लाख याप्रमाणे चार वर्षांत १० लाख रुपयांचे कर्ज १०.५ टक्के दराने घेतले. परतफेड साधारणपणे शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होते, पण व्याज पहिल्या उचलीपासूनच लागते. पहिल्या अडीच लाखांवर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन आणि चौथ्यावर दोन वर्षांचे, असे सरळव्याजाने मोजले तरी ३ लाख ६७ हजार ५०० रुपये व्याज चढते. परतफेडीच्या पहिल्या दिवशी कर्ज १० लाखांचे नसते, ते १३ लाख ६७ हजार ५०० रुपयांचे झालेले असते. दहा वर्षांच्या मुदतीत त्याचा मासिक हप्ता सुमारे १८,४५० रुपये येतो आणि एकूण परतफेड २२ लाखांच्या पुढे जाते.

हेच व्याज शिक्षण चालू असताना भरत गेल्यास कर्ज १० लाखांवर थांबते आणि हप्ता सुमारे १३,५०० रुपये येतो. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला २,२०० रुपयांच्या आत असते, चौथ्या वर्षी ते ८,७५० रुपये होते, आणि असे व्याज भरणाऱ्यांना काही बँका दरात थोडी सवलतही देतात. ज्या घराला हे व्याजही झेपणार नाही, त्या घराने १० लाखांचे कर्ज घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विज्ञान पदवीच्या बाबतीत इथे एक खास अडचण आहे. पदवीनंतर लगेच एमएस्सी किंवा पीएचडीला जायचे असेल तर हप्ते कोण भरणार? परतफेड पुढे ढकलण्याची सवलत पुढच्या शिक्षणासाठी वाढवून मिळते का, हे कर्ज घेतानाच बँकेकडून लेखी विचारून घ्यावे, कारण संशोधनाकडे जाणाऱ्या पदवीचे कर्ज आणि लगेच नोकरी देणाऱ्या पदवीचे कर्ज यांत हाच मोठा फरक आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांना विनातारण कर्ज मिळते, आणि वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील पात्र विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, परतफेड सुरू होईपर्यंतच्या काळासाठी, ३ टक्के व्याजसवलत मिळू शकते. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे अर्ज करण्यापूर्वी पाहावे. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची आयकरातील वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, पण ती जुन्या करप्रणालीत. नवी प्रणाली निवडणाऱ्याने तिचा लाभ हिशेबात धरू नये.

चौथी पायरी: चौथ्या वर्षाची वेगळी किंमत काढा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० श्रेयांक, म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून मोजलेले क्रेडिट, लागतात. चौथे वर्ष ऐच्छिक असेल तर ते स्वतंत्र खरेदी म्हणून तोलावे.

तीन वर्षांनंतर महिन्याला २०,००० रुपयांची नोकरी मिळाली असती असे धरू. चौथ्या वर्षामुळे ती एक वर्ष लांबते, म्हणजे २ लाख ४० हजार रुपयांचे उत्पन्न गेले. त्यात वर्षाचे शुल्क साडेतीन लाख असेल तर त्या एका वर्षाची किंमत ५ लाख ९० हजार रुपये झाली. अनुदानित महाविद्यालयात शुल्क १५,००० रुपये असेल तर तीच किंमत अडीच लाखांच्या आसपास राहते. या रकमेच्या बदल्यात नेमके काय मिळते? पहिले म्हणजे, चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाची पदव्युत्तर पदवी घेण्याची सोय आयोगाच्या नियमांत आहे. एमएस्सी करायचीच असेल तर तीन अधिक दोन आणि चार अधिक एक या दोन्ही वाटा पाच वर्षांच्याच होतात आणि चौथे वर्ष जादा राहत नाही. मात्र आपल्या विषयाची एक वर्षाची एमएस्सी कुठे प्रत्यक्ष चालू आहे, हे आधी शोधून ठेवावे. दुसरे म्हणजे, २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यास एमएस्सीशिवाय थेट पीएचडीसाठी अर्ज करता येतो. असे दोन वर्षे वाचवणारे चौथे वर्ष स्वस्त पडते. तिसरे म्हणजे, परदेशातील, विशेषतः अमेरिकेतील, काही विद्यापीठे तीन वर्षांची भारतीय पदवी थेट स्वीकारत नाहीत आणि तिथे चौथ्या वर्षाचा उपयोग होतो.

या तिन्हींपैकी एकही वाट धरायची नसेल आणि पदवीनंतर थेट नोकरीच करायची असेल, तर चौथे वर्ष बहुधा तोट्याचे ठरते. त्याऐवजी त्याच पैशांत आणि वेळेत संख्याशास्त्र, प्रोग्रामिंग किंवा प्रयोगशाळेतील एखाद्या उपकरणाचे कौशल्य मिळवणे अधिक किफायतशीर आहे.

पाचवी पायरी: गुणपत्रकावर विषय कसा छापला जाणार, ते विचारा

आंतरविद्याशाखीय पदवीचा सर्वांत मोठा आर्थिक धोका इथे आहे आणि माहितीपत्रकांत त्याचा उल्लेख क्वचितच असतो. भारतातील अनेक भरती आणि प्रवेश परीक्षा आजही विषयाच्या नावावर चालतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला कोणतीही पदवी चालते. पण भारतीय वनसेवेसाठी पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय पदवीत असावा लागतो, अथवा पदवी कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची असावी लागते. गुणपत्रकावर ‘जीवविज्ञान’ किंवा ‘पर्यावरण विज्ञान’ असे छापलेले असेल तर ते यादीतील नाव नाही, आणि वनस्पतिशास्त्राचे चार पेपर दिले होते हे पटवून देण्याची पाळी उमेदवारावर येते. संशोधन फेलोशिप आणि प्राध्यापकपदाची पात्रता ठरवणाऱ्या सीएसआयआर-नेट परीक्षेतही जीव, भौतिक, रसायन, गणित आणि पृथ्वी व वातावरण विज्ञान असे पाचच गट आहेत. दोन विषयांच्या सीमेवर शिकलेल्यालाही परीक्षेत एकच बाजू धरावी लागते. जर्मनीतील अनेक मास्टर्स अभ्यासक्रम एका विषयातील ठरावीक श्रेयांकांची अट घालतात, आणि सगळीकडून थोडे थोडे शिकलेल्याचे श्रेयांक तिथे कमी पडू शकतात.

म्हणून प्रवेशापूर्वी संस्थेकडे तीन गोष्टी मागाव्यात. एक, गेल्या तुकडीतील एखाद्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रकाचा नाव झाकलेला नमुना. दोन, पदवी प्रमाणपत्रावर प्रमुख विषय छापला जातो का, याचे लेखी उत्तर. तीन, एका विषयात जास्तीत जास्त किती श्रेयांक घेता येतात, याचा आकडा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीत प्रमुख विषयाचे किमान ६० आणि गौण विषयाचे २४ श्रेयांक अपेक्षित आहेत. एखाद्या अभ्यासक्रमात कोणत्याच विषयाचे ६० श्रेयांक होत नसतील, तर ती पदवी रंजक असेल, पण तिची बाजारातील किंमत कमी धरावी. हे लिहिताना मला आनंद होत नाही, कारण जीवशास्त्र आणि गणित दोन्ही नीट येणारी माणसे आपल्याकडे कमीच आहेत. पण अर्ज छाननारा कारकून यादीतले नाव पाहतो.

सहावी पायरी: पुढच्या वाटांना शक्यता जोडा

वहीत तीन वाटा मांडाव्यात: थेट नोकरी, एमएस्सी करून नोकरी आणि पीएचडी. प्रत्येकीसमोर तिथे पोहोचण्याची शक्यता आणि तिथले वास्तव उत्पन्न लिहावे. जाहिरातीतील सर्वोच्च पॅकेज या वहीत येऊ देऊ नये.

आकड्यांसाठी एक चांगले आणि फुकटचे साधन आहे. राष्ट्रीय क्रमवारीसाठी, म्हणजे एनआयआरएफसाठी, संस्था जी माहिती भरतात ती सार्वजनिक असते. तीन वर्षांची पदवी, चार वर्षांची पदवी, पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम असे वेगवेगळे तक्ते त्यात असून, नियत मुदतीत किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांचा मध्यक पगार (पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला) किती आणि किती जण उच्च शिक्षणाला गेले, हे प्रत्येक तक्त्यात दिलेले असते. ही माहिती संस्थेने स्वतः भरलेली असते आणि विद्यापीठाचे सर्व विषय एकाच तक्त्यात येतात, त्यामुळे विज्ञानाचा आकडा वेगळा मागावा लागतो. तरीही मध्यक हा सरासरीपेक्षा खरे बोलतो, कारण एका विद्यार्थ्याच्या परदेशी नोकरीने सरासरी फुगते, मध्यक फुगत नाही. उत्तीर्णांच्या संख्येतून नोकरी लागलेले आणि पुढे शिकायला गेलेले वजा केल्यावर जे उरतात, ते काय करतात हा प्रश्न प्रवेश समुपदेशकाला अवश्य विचारावा.

पीएचडीच्या वाटेवर उत्पन्न शून्य नसते. कनिष्ठ संशोधन फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ फेलोशिप ४२,००० रुपये आहे, शिवाय घरभाडे भत्ता वेगळा. पहिली दोन वर्षे कनिष्ठ आणि पुढची तीन वर्षे वरिष्ठ फेलोशिप मिळाली तर पाच वर्षांत २४ लाख रुपये होतात, म्हणजे दरमहा ४०,००० रुपयांच्या न वाढणाऱ्या नोकरीइतके. त्या पाच वर्षांत नोकरदार मित्राचा पगार वाढत राहतो, आणि फेलोशिपची रक्कम कधीकधी काही महिने रखडते. त्यासाठी चार-सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक हाताशी असावी. ज्यांच्या डोक्यावर हप्ता आहे त्यांना हे रखडणे फार महागात पडते.

सातवी पायरी: जादा खर्च किती पगारवाढीने फिटेल, ते मोजा

आता दोन पर्यायांतील फरक काढावा. खासगी विद्यापीठाचे शुल्क अनुदानित महाविद्यालयापेक्षा वर्षाला साडेतीन लाखांनी जास्त आहे आणि दोन्ही पदव्या चार वर्षांच्या आहेत, असे धरू. कागदावर फरक १४ लाखांचा दिसतो. पण तेच पैसे ८ टक्क्यांनी गुंतवले असते तर चौथ्या वर्षाअखेर सुमारे १७ लाख झाले असते, आणि खरा फरक तोच. तो दहा वर्षांत त्याच दराने भरून काढायचा तर महागडी पदवी घेणाऱ्याला दरवर्षी सुमारे २ लाख ५४ हजार, म्हणजे दरमहा साधारण २१,००० रुपये जास्त मिळायला हवेत, तेही कर भरल्यानंतर आणि सलग दहा वर्षे. महागड्या पदवीमुळे तो वरचा पगार मिळण्याची शक्यता निम्मीच वाटत असेल, तर मिळाल्यास ४२,००० रुपयांचा फरक पडला पाहिजे, तेव्हा कुठे हिशेब बरोबरीत येतो.

८ टक्के हा दर माझे गृहीतक आहे. आपण बँकेत किंवा फंडात जिथे प्रत्यक्ष पैसे ठेवता तिथला दर घ्यावा. दर का लावायचा, असे विचारले जाते. दहा वर्षांनी मिळणाऱ्या एक लाखाची आजची किंमत ८ टक्क्यांनी सुमारे ४६,३०० रुपयेच असते, आणि ‘पुढे भरपूर मिळेल’ या वाक्यातला ‘पुढे’ किती लांब आहे हे त्यावरून कळते.

सरकारी संशोधन संस्थांत हीच आकडेमोड उलटी होते. शुल्क कमी आणि शिष्यवृत्ती मिळालेली असली तर भरून काढायला फारसे काही उरत नाही. तिथे खर्च पैशांचा कमी आणि वर्षांचा जास्त असतो. म्हणून आयसरच्या प्रवेश परीक्षेची किंवा कालिना व नायसरसाठीच्या नेस्ट परीक्षेची तयारी करण्यात घालवलेले महिने हे या संपूर्ण व्यवहारातील सर्वाधिक परतावा देणारे महिने ठरू शकतात. त्या परीक्षांत यश आले नाही, तर चांगल्या अनुदानित महाविद्यालयातून पदवी घेऊन जॅम या एमएस्सी प्रवेश परीक्षेद्वारे आयआयटीत एमएस्सीला जाणे ही वाट उघडी राहते, आणि तिचा एकूण खर्च खासगी विद्यापीठातील पहिल्या वर्षापेक्षाही कमी असू शकतो. खासगी विद्यापीठाने शुल्कात निम्म्याहून अधिक सूट दिली असेल तर वरचा हिशेब पुन्हा करावा. मात्र ती सूट दरवर्षी कोणत्या गुणांच्या अटीवर टिकते, हे सहीपूर्वी वाचावे.

हा हिशेब एकदाच करून वही मिटायची नाही. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस प्रमुख विषय ठरतो आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस चौथे वर्ष घ्यायचे की नाही ते ठरते. तोपर्यंत खर्च झालेली रक्कम परत येणार नसते. त्या दिवशीच्या हिशेबात ती धरू नये. त्या दिवशी फक्त उरलेला खर्च, मिळालेले गुण आणि हातात असलेले प्रवेश किंवा नोकरीचे पत्र मांडावे. मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक बँकेत, म्हणजे श्रेयांकांच्या डिजिटल नोंदखात्यात, जमा झाले आहेत का, हे प्रत्येक सत्रानंतर तपासावे, कारण मध्येच संस्था बदलायची ठरली तर तीच नोंद कामाला येते.